शेवटचा भाग पाहायला पाच जण

आई गेल्यानंतर पप्पांनी टीव्ही लावणं सोडून दिलं. पूर्वी संध्याकाळी ते बातम्यांमधली भांडणं ऐकत बसायचे आणि आई स्वयंपाकघरातून आवाज कमी करा म्हणून सांगत राहायची. ते कधी कमी करायचे नाहीत. आता सांगणारं कोणी उरलं नाही, तर त्यांची ऐकायची इच्छाही गेली. जेल रोडच्या रो-हाउसमध्ये ते एकटेच राहत होते. मी इंदिरानगरला, धाकटा भाऊ पुण्याकडे भोसरीला. कॉलेजच्या ऑफिसातून सुटल्यावर मी एक दिवसाआड त्यांच्याकडे जायची. ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेले असायचे. जेवलात का विचारलं की हो म्हणायचे, आणि आत जाऊन पाहिलं तर भाजीचा डबा तसाच.

माझ्या मुलीला कोरियन मालिकांचं वेड आहे. सुट्टीत ती आजोबांकडे राहायला गेली आणि त्यांच्या टीव्हीवर स्वतःचं खातं जोडून एक मालिका लावून आली. हिंदीत होती, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. पहिल्या दिवशी पप्पांनी मला फोन करून तक्रार केली की सगळी माणसं सारखीच दिसतात, कोण कोणाचं कोण ते कळत नाही. आठवड्याभरात पुन्हा फोन आला तो थेट असा, "त्या पोराच्या आईला काय कमी आहे गं? का म्हणून त्या टेलरिंगवाल्या बाईच्या मागं लागलीये?"

गोष्ट तशी साधी होती. समुद्रकाठच्या एका छोट्या गावात एक बाई जुने कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवते. तिचं एक लग्न मोडलेलं आहे. शहरातला एक माणूस आजोबांचा बोटी बांधायचा कारखाना विकायला तिथं येतो आणि राहून जातो. दोघं एकमेकांत गुंततात. त्याच्या आईला ते मान्य नसतं. बाकी बर्फ, वाफाळत्या शेवया आणि समोरासमोर नुसतं बघत उभं राहणं. पप्पांना ते बघत उभं राहणं फार आवडायचं. "बोलत काहीच नाहीत, पण लय काही बोलतात," असं ते मला म्हणाले होते. सरकारी छापखान्यात उभी हयात मशीनच्या आवाजात काढलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य ऐकून मला गंमत वाटली होती.

ते जेवायला लागले, दाढी रोज करायला लागले. मी मनातल्या मनात त्या टेलरिंगवाल्या बाईचे आभार मानले. फोनवर बोलताना पप्पा "आम्हाला काही पटलं नाही", "आम्ही तर आधीच ओळखलं होतं" असं म्हणायचे. जुन्या माणसांची बोलायची पद्धत, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग एका दुपारी भावाचा फोन आला. आवाज दबलेला होता, म्हणजे कंपनीच्या जिन्यात येऊन बोलत होता. कॉलनीतल्या त्याच्या शाळेतल्या मित्रानं त्याला सांगितलं होतं की सिस्टर रोज चार वाजता तुमच्या घरी येतात आणि तास-दीड तास बसतात.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. पण आठवड्यातून तीन-चारदा जाणाऱ्या मुलीला माहीत नाही हे त्याला खरं वाटलं नाही. मी साडेसहाला पोचायची. तोवर मालिका संपलेली असायची.

सिस्टर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाई. मूळच्या नांदगावच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. अख्खी कॉलनी त्यांना सिस्टरच म्हणते. नवरा अर्धांगवायूनं कितीतरी वर्षं अंथरुणावर होता, तो गेल्यापासून त्या एकट्या. मूलबाळ नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत तिला पाठीला जखमा झाल्या होत्या, तेव्हा सकाळ-संध्याकाळ येऊन त्याच तिला कुशीवर वळवायच्या आणि ड्रेसिंग करायच्या. आई आमच्यापैकी कोणाला हात लावू द्यायची नाही, पण सिस्टर आल्या की गप्प पडून राहायची.

भावाच्या मनात नेमकं तेच सलत होतं. आईच्या खाटेपाशी बसणारी बाई आता आईच्या घरात टीव्ही बघत बसते, हे त्याला सहन होत नव्हतं. आणि विहारात रविवारच्या वंदनेला जमणाऱ्या बायका काय बोलत असतील, आपल्या पोरींच्या सोयरिकीच्या वेळी हे निघालं तर काय, असंही तो बोलला. मी त्याला म्हटलं की तू लगेच काही करू नकोस, मी बघून येते.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी साडेचारला गेले. फाटक उघडं, दार सताड उघडं, खिडक्यांचे पडदे बाजूला सारलेले. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही आतलं सगळं दिसावं, इतकं उघडं. दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर भाजलेले शेंगदाणे. पप्पांनी मला बघितलं, हातानंच बस म्हणून खूण केली आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. सिस्टरांनी स्वतःची खुर्ची जराशी सरकवून मला जागा केली. त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला होता आणि तो लपवायचा प्रयत्नही केला नाही.

भाग संपला. सिस्टरांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, पप्पांचं बीपी तपासलं आणि निघून गेल्या. पप्पा फाटकापर्यंत गेले, परत आले आणि शेंगदाण्यांची सालं गोळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या भावाला सगळं कळलंय ना? मीच त्याला फोन करतो. रोज एक बघतो आम्ही, शनिवारी शेवटचा भाग आहे. ये म्हणावं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

काय होऊन जाऊ दे, हे विचारायची मला भीती वाटली.

शनिवारी भाऊ आणि वहिनी दुपारीच गाडीनं आले. भाऊ सगळं तयार करून आला होता. पप्पांना पुण्याला न्यायचं, घराला कुलूप लावायचं, वाद घालायचा नाही. वाटेत सिन्नरला चहा घ्यायलासुद्धा थांबले नाहीत, असं वहिनीनं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. तिनं ती मालिका आधीच पाहिली होती. त्यांच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर शेवटावरून इतकी भांडणं झाली होती की दोघी जणी ग्रुप सोडून गेल्या. निम्म्या म्हणत होत्या की एवढं रडवून फसवलं, निम्म्या म्हणत होत्या की असंच व्हायला हवं होतं. शेवट काय आहे, मी विचारलं. वहिनी म्हणाली, "नका विचारू ताई. पप्पांना आवडणार नाही एवढंच सांगते."

पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाहेरच्या खोलीत त्यांनी स्वतः पाच खुर्च्या मांडल्या. भाऊ उभाच होता. त्यानं "पप्पा, मला तुमच्याशी..." एवढं म्हटलं आणि पप्पा म्हणाले, "बस. आधी हे बघू. मग तू बोल, मीही बोलतो."

बरोबर चारला सिस्टर आल्या. फाटकाशी गाडी आणि पायरीवर चपला-बूट बघून त्या थबकल्या. मला वाटलं, संकोच. त्यांनी आत येऊन सगळ्यांना जयभीम केला. भावानं उत्तर दिलं, पण त्यांच्याकडे न बघता. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, अगदी कडेला.

तो तासभर मी कधी विसरणार नाही. भाऊ सुरुवातीला पंख्याकडे बघत होता, मग मोबाइलकडे, मग त्यानं मोबाइल पालथा घालून मांडीवर ठेवला आणि बघायला लागला. वहिनीला शेवट माहीत होता, म्हणून ती टीव्हीकडे बघतच नव्हती, सासऱ्यांकडे बघत होती. कोणी शेंगदाण्यांना हात लावला नाही. समोरच्या भिंतीवर, टीव्हीच्या थोडं वर, आईचा फोटो होता. पडद्याकडे बघायचं म्हणजे फोटोकडे नजर जाणारच.

मालिकेत तो माणूस तिला शहरात चल म्हणतो. आईला मी समजावलंय, घर घेतलंय, तुझ्यासाठी मोठं दुकानही बघून ठेवलंय. ती काही बोलत नाही, त्याला स्टेशनावर पोचवते. गाडी जाते. मग काही वर्षं उलटतात. बर्फ पडत असतो, तो त्याच दुकानात येतो, अंगातला कोट काढून तिच्यापुढं ठेवतो. बाहीची शिवण उसवलेली आहे. ती मशीनवर न घेता हातानं शिवते. सावकाश, एकेक टाका. दोरा दातांनी तोडते. कोट त्याच्या हातात देते आणि म्हणते, बाहेर थंडी आहे, सांभाळून जा. तो दारात उभा राहतो. ती दुसरा कपडा हातात घेते. दार हलतं. तो आत आला की बाहेर गेला, ते दाखवतच नाहीत. नावं सुरू होतात.

पप्पांनी रिमोट घेतला, नावं मागं नेली, दार हलतं तेवढं पुन्हा पाहिलं. मग पुन्हा एकदा.

"हे काय झालं?" ते म्हणाले. "इतकी वर्षं तो थांबला. आणि ही नुसती बाही शिवून देते?"

सिस्टर म्हणाल्या, "बरोबर केलं तिनं."

"काय बरोबर केलं? माणूस दारात उभा आहे."

"थांब म्हणून तिनं सांगितलं नव्हतं."

"नाही असंही म्हणाली नव्हती," पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

सिस्टरांनी चष्मा काढून डबीत ठेवला. "आता म्हणाली," त्या म्हणाल्या, आणि उठल्या.

त्या क्षणी आम्हा तिघांनाही कळलं की हे दोघं कशाबद्दल बोलत आहेत. सिस्टर दाराकडे निघाल्या. भाऊ नकळत उठला आणि बाजूला झाला, त्यांना वाट करून दिली. त्यांनी जाताना माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तो माझ्यावर का असावा ते मला समजेना.

मग स्वयंपाकघरात भावानं मला गाठलं. तो पुण्याहून जे बोलायला आला होता ते सगळं त्याच्या तोंडातच राहिलं होतं. "त्या पप्पांना नाही म्हणाल्या?" तो कुजबुजला. "पप्पांना?" त्याला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. जे होऊ नये म्हणून आम्ही धावत आलो होतो ते आपसूक टळलं होतं, आणि आमच्या बापाला कोणी नाकारावं याचाच आम्हाला राग आला होता.

पप्पा जेवले नाहीत. भावानं पुण्याला चला म्हटलं तर त्यांनी एका शब्दानं विरोध केला नाही. स्वतःच बॅग भरली. गोळ्यांची पिशवी घेतली, घराची किल्ली भावाच्या हातात दिली आणि रविवारी सकाळी वंदनेलासुद्धा न थांबता गाडीत बसले. त्यांचं ते इतक्या लवकर तयार होणं मला भांडणापेक्षा जास्त लागलं.

भोसरीला भावाचा फ्लॅट दहाव्या मजल्यावर आहे. रोज फोन केला की पप्पा म्हणायचे, सगळं छान आहे. वहिनी वेगळं सांगायची. गॅलरीत बसतात, खाली बघतात, चार वाजले की उठून घरात फेऱ्या मारतात. तिनं दुसरी एक कोरियन मालिका लावून दिली तर म्हणाले, बंद कर, त्यांना शेवट करता येत नाही. माझी मुलगीही त्यांच्याच बाजूची होती. तिला वाटत होतं की दिग्दर्शकाला दोन्हीकडच्या प्रेक्षकांना खूश ठेवायचं होतं म्हणून त्यानं दार अर्धवट दाखवलं. मी तोवर ती मालिका पहिल्या भागापासून बघायला घेतली होती. कुठं काय चुकलं ते शोधावं, अशा नजरेनं.

सिस्टरांकडे जायचं मी टाळत होते. जेल रोडच्या घरापुढची झाडं वाळायला लागली म्हणून एकदा पाणी घालायला गेले. घराची किल्ली भावाकडे होती, पण नळ फाटकाच्या आत अंगणातच होता, तेवढं बरं. बादली भरत होते तर त्या गल्लीतून येताना दिसल्या. लपायला जागा नव्हती. त्यांनीच मला घरी बोलावलं.

त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच बसले. फार नीटनेटकं, एका माणसाचं घर. एक ताट, एक पलंग, खिडकीपाशी एक आरामखुर्ची. त्यांनी चहा टाकला आणि चहा उकळत असतानाच पाठमोऱ्या बोलायला लागल्या. पप्पांनी त्यांना महिन्याभरापूर्वी विचारलं होतं. रजिस्टर लग्न करू, एकमेकांना आधार होईल. त्यांनी सांगितलं होतं की मालिका संपू द्या, मग बोलू. बोलायचं म्हणजे दोघांत बोलायचं होतं.

"आणि त्यांनी मला न सांगता तुम्हाला सगळ्यांना बोलावलं," त्या म्हणाल्या. "तुझा भाऊ येणार आहे हे मला दारात आल्यावर कळलं. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. चार लोकांत मी नाही म्हणू शकणार नाही, असा त्यांचा हिशेब असेल."

मी म्हटलं की भाऊ विरोध करायला आला होता. त्या वळल्या. हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढं ठेवला.

"मला तुझे पप्पा नकोत असं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "चार वाजायची मी वाट बघायची. पण आत्ता त्यांचं बीपी मी शेजारीण म्हणून बघते. बायको झाले की ती ड्यूटी होते. दवाखान्यात केली, घरी यांची केली. तुझ्या आईची केली ती मनापासून केली. आता मला परत कोणाचं घर नको."

मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणून वाईट वाटलं. मुलगी म्हणून मला वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. इतक्या दिवसांत हे मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. हे पप्पांना सांगू का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तू नको, ते विचारतील तेव्हा मी सांगेन. पप्पा काही विचारणार नाहीत हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, कॉलेजात परीक्षेची गडबड चालू असताना, भावाचा फोन आला. पप्पा घरात नव्हते. सकाळी वहिनी कामाला गेल्यावर ते बॅग घेऊन बाहेर पडले, वॉचमननं पाहिलं होतं. दुपारी वहिनी जेवायच्या वेळी फोन करत राहिली तर मोबाइल बंद. भाऊ भोसरीतले दवाखाने बघत फिरत होता. त्याचा आवाज लहानपणी जत्रेत माझा हात सुटला होता तेव्हा होता तसा झाला होता.

नाशिकला आले असतील, असं मला वाटलं. मी स्कूटर काढली आणि जेल रोडला गेले. दाराला कुलूप, पायरीवर कोणी नाही. शेजाऱ्यांनी पाहिलं नव्हतं. मी गल्लीत उभी राहून पुन्हा पुन्हा तो बंद नंबर लावत होते. सिस्टरांनी खिडकीतून मला पाहिलं असणार. त्या बाहेर आल्या, माझा चेहरा पाहिला आणि काय झालं हे विचारायच्या आधी घराला कुलूप लावलं. ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, "सकाळची गोळी घेतली होती का?" मला माहीत नव्हतं. मी भावाला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं.

त्या माझ्या मागं बसल्या. आधी विहारात बघितलं, मग रेल्वे स्टेशनवर. तिकीट खिडकीपासून पुलापर्यंत आम्ही दोघी माणसांचे चेहरे बघत चाललो. कुठं पांढरे केस दिसले की मी पुढं होऊन तोंड बघायची. स्टेशनबाहेर उभ्या राहून सिस्टरांनी सिव्हिलमधल्या जुन्या ओळखीच्या बाईला फोन लावला आणि अपघात विभागात असं असं कोणी आलंय का ते विचारलं. त्यांनी पप्पांचं वर्णन केलं. उंची, चष्मा, डाव्या हातावरचा मशीनचा जुना व्रण, पांढरा किंवा आकाशी शर्ट. आवाज अगदी नर्सचा, सपाट. पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि फुटपाथच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"एसटी स्टँड," त्या म्हणाल्या. "गाडीनं आले असले तर तिथंच उतरले असतील."

नाशिकरोडच्या स्टँडवर पप्पा शेवटच्या बाकावर बसले होते. मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. पुण्याची गाडी येऊन कितीतरी वेळ झाला होता. सिस्टर माझ्या पुढं गेल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"गोळी घेतली का?" त्यांनी विचारलं.

पप्पांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घेतली," ते म्हणाले. "फोनची बॅटरी संपली. घराची किल्ली त्याच्याकडं आहे, ते इथं उतरल्यावर ध्यानात आलं. मग कोणाच्या दारात जावं, ते ठरेना."

सिस्टरांनी त्यांची नाडी बघितली. घड्याळाकडे बघत, पूर्ण वेळ. पप्पा हात तसाच पुढं धरून बसले आणि हळू आवाजात बोलायला लागले. मी दोन पावलं लांब होते, पण मला ऐकू आलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "पोरगं येणार आहे, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, त्याच्यासमोर एकदा ठरलं की कोणी काही बोलणार नाही."

"ते चुकलंच," सिस्टर म्हणाल्या. "आणि दुसरं ऐका. मी तुमच्या घरी राहायला येणार नाही. आज नाही, पुढं नाही. ह्यात मागं नेऊन परत बघण्यासारखं काही नाही. पण माझं दार तुम्हाला बंद नाही."

पप्पांनी मान खाली घातली. मग होकारार्थी हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण चेहरा एकदम म्हातारा दिसला. मी भावाला फोन केला, सापडले म्हणून सांगितलं. तो आधी रडला, मग ओरडला, मग फोन ठेवून दिला. त्याच रात्री किल्ली घेऊन स्वतः गाडी चालवत आला. पप्पांशी दोन शब्दसुद्धा बोलला नाही. किल्ली टेबलावर ठेवली, वहिनीनं दिलेला डबा ठेवला आणि चहा न घेता परत गेला.

पप्पा नाशिकलाच राहिले. भाऊ महिनाभर माझ्याशीही धड बोलत नव्हता. मी पप्पांच्या बाजूनं आहे असं त्याला वाटत होतं, आणि मी कोणाच्या बाजूनं आहे हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कॉलनीतलं बोलणं थांबलं नाही, फक्त जुनं झालं. सिस्टर आता रोज येत नाहीत. कधी त्या येतात, कधी पप्पा त्यांच्याकडे जातात, कधी चार-चार दिवस काहीच नाही आणि पप्पा एकटेच बसून राहतात. त्या दिवशी मी गेले की ते फारसं बोलत नाहीत. त्यांना हवं होतं ते मिळालेलं नाही, आणि ते मिळाल्यासारखं वागायचं सोंग ते करत नाहीत.

बुद्ध पौर्णिमेला भाऊ, वहिनी आणि पोरं आली. विहारातून आल्यावर सगळे जेवायला बसलो. खिरीची वाटी फिरत होती. भावानं खोलीत इकडे तिकडे पाहिलं आणि कोणाकडेही न बघता विचारलं, "मावशी नाही आल्या?"

त्यानं त्यांना मावशी म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. पप्पांचा हात ताटात थांबला.

"नांदगावला गेल्यात, भाच्याकडं," ते म्हणाले. "सोमवारी येतील."

"बरं," भाऊ म्हणाला, आणि त्यानं पप्पांच्या वाटीत खीर वाढली.